‘लकी स्टार’ची पिधान-भाकितं: बडोद्याहून पाहणाऱ्यांसाठी

नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ पिंड कुठल्या ताऱ्यासमोरून जाऊन त्याला कधी झाकणार (हेच पिधान), याची भाकितं पॅरिस वेधशाळेच्या ब्रूनो सिकार्दी यांचा ‘लकी स्टार’ प्रकल्प फुकट देतो. इतकं चांगलं फुकट क्वचितच मिळतं, पण भाकितासोबतचा नकाशा वाचता आला पाहिजे.

निळ्या रेषांच्या मधला पट्टा म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशात पडणाऱ्या पिंडाच्या सावलीचा मार्ग; तारा झाकलेला तिथूनच दिसतो. नवखे तो बडोद्यावर दिसला की दुर्बीण काढतात. आधी लाल तुटक रेषा पाहाव्यात, कारण अनिश्चितता तिथे आहे. ताऱ्याची जागा ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या यादीतून येते, तिची चूक किरकोळ. घोळ असतो पिंडाच्या कक्षेत. ४० खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४० पटींवर, एक मिलिआर्कसेकंद (कोनाच्या सेकंदाचा हजारावा भाग) म्हणजे २९ किमी. कक्षा ३० मिलिआर्कसेकंदांनी चुकली तर सावली ८७० किमी सरकते, म्हणजे बडोद्यावर सांगितलेली दिल्लीच्याही पुढे पडू शकते. लाल रेषा पट्ट्यापासून फार लांब असतील तर ती रात्र सरळ सोडून द्यावी.

वेळ दोनदा फसवते. ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मिळवायचे. मध्यरात्रीनंतरच्या घटनेत तारीखही बदलते, तिथे हमखास चुका होतात. शिवाय ती पृथ्वीच्या केंद्राच्या हिशेबाने दिलेली असते. सावली सेकंदाला २० किमी धावते, अख्खी पृथ्वी ओलांडायला तिला दहा-अकरा मिनिटं लागतात. म्हणून नकाशावर ती वेळ दाखवणाऱ्या मोठ्या ठिपक्यापासून आपल्या रेखांशापर्यंतचे मिनिटा-मिनिटाचे ठिपके मोजावेत आणि तरीही पाच मिनिटं आधी रेकॉर्डिंग सुरू करावं.

प्रतीचा, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडाही तपासावा (आकडा मोठा तितका तारा अंधुक). दिलेली ‘जी-स्टार’ प्रत सावलीच्या सेकंदाला २० किमी वेगाला बेतलेली असते. वेग १० किमी असेल तर १४ प्रतीचा तारा यादीत १३.२५ दिसतो. हिशेब चूक नाही, कारण सावली हळू असली की लांब एक्स्पोजर देता येतं. पण तारा कॅमेऱ्यात शोधताना तो १४ प्रतीचाच असतो!

आपली खरी अडचण ऋतूची. नेपच्यूनपलीकडच्या पिंडांपैकी प्लूटो जुलैत आणि क्वावार जूनअखेरीस आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे रात्रभर दिसेल असा असतो, पण ऐन पावसाळ्यात. माकेमाके आणि हाउमेया हे तसेच पिंड मात्र तिथे अनुक्रमे मार्च-एप्रिलमध्ये आणि एप्रिलमध्ये असतात, त्यामुळे बडोदेकरांनी यादी चाळताना त्याच दोघांपासून सुरुवात करावी. भाकित महिन्याभरापूर्वी उतरवून ठेवलं असेल तर निघायच्या दिवशी पुन्हा उघडावं. नवी निरीक्षणं आली की पट्टा हलतो.