‘पूर्ण १२० लिटर’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेला सम्प

घरच्या समुद्री मत्स्यालयाच्या टँकसाठी सम्प, म्हणजे टँकखाली ठेवायची पाणी गाळणारी दुसरी काचेची टाकी, बनवून घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. मला फसवणारा माणूस या छंदातला जाणकार समजला जातो आणि गोड बोलतो. माझ्यानंतर त्याने आणखी कुणाला गाठू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझा वरचा टँक १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. खाली कॅबिनेटमध्ये आतून ७५ × ४० × ४० चा सम्प बसणार होता. मी मापं लेखी दिली होती. स्किमरच्या (फेस करून पाण्यातली घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्यात पाणी २० सेंटिमीटर, कारण त्या स्किमरला तेवढंच चालतं. मधला सर्वांत मोठा कप्पा रेफ्युजियमचा, म्हणजे शेवाळ वाढवायचा, आणि शेवटी पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. त्याने आराखडा अगदी तसाच काढून पाठवला आणि काच कापण्याआधी पूर्ण रक्कम घेतली.

हातात पडलं ते भलतंच. बॅफल, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या आतल्या काचा, ३४ सेंटिमीटर उंच आणि रेफ्युजियमचा कप्पा जेमतेम हात जाईल एवढा. विचारल्यावर उत्तर आलं, “स्टँडर्ड डिझाइन आहे साहेब, पूर्ण १२० लिटर मावतात.”

सगळी मखलाशी या १२० लिटरमध्ये आहे. तो आकडा काठोकाठचा, आणि सम्प कधीच काठोकाठ चालवायचा नसतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं जादा पाणी खाली सोडणाऱ्या बॉक्सच्या) कडेपर्यंत उतरतच राहतं. रिटर्नच्या पाइपचं तोंड बुडालेलं असेल, तर ते उघडं पडेपर्यंत त्यातूनही सायफनने पाणी उलटं येतं. माझ्या टँकची पातळी ३ सेंटिमीटर उतरली की १६ लिटर खाली येतात. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपमधलं पाणी वेगळंच. या सम्पमध्ये बॅफलच्या वर जागा उरते १८ लिटरची! रिटर्नच्या कप्प्यात पातळी जरा खाली ठेवली, तरी त्यात तीन-चार लिटरचीच भर.

व्हायचं तेच झालं. वीज गेली आणि खारं पाणी काठावरून वाहून कॅबिनेटच्या तळाशी असलेल्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचलं. त्या क्षणी वीज परत आली असती तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

त्याला कळवलं तर म्हणे, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घ्या, माझ्याकडेच आहे. हेही खोटंच. तो व्हॉल्व्ह फक्त रिटर्नचा पाइप अडवतो, ओव्हरफ्लोचं पाणी अडवत नाही. शिवाय समुद्री टँकमध्ये त्यात चुनखडी धरते, एखादी गोगलगाय अडकते आणि नेमका गरजेच्या वेळी तो बंद होत नाही. स्किमरचंही तसंच. एवढ्या खोल पाण्यात त्याचा घाण साठवणारा कप पाणचट फेसाने भरून वाहायचा, आणि खाली स्टँड ठेवून उचलला तर कप काढायला वर जागाच उरत नव्हती.

खरा धक्का पुढे होता. सम्प रिकामा करून उजेडात आडवा धरला, तेव्हा बाजूच्या काचेवर खरवडलेल्या सिलिकॉनची फिकट रेघ दिसली. बॅफल होते तिथे नाही, चार बोटं अलीकडे. म्हणजे कुणाचा तरी जुना सम्प आतले बॅफल हलवून मला ‘नवा, ऑर्डरप्रमाणे बनवलेला’ म्हणून विकला होता. जुन्या सिलिकॉनच्या थरावर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. आणि हा सम्प आधी ज्या टँकखाली होता त्यात तांब्याचं औषध वापरलं होतं का, हे कोण सांगणार? कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांसाठी तांबं म्हणजे विषच.

रेफ्युजियमसाठी कीटोमॉर्फा या शेवाळाचे पैसे घेतले आणि दिलं कॉलर्पा हे दुसरंच शेवाळ. कीटो म्हणजे जाड नायलॉनच्या दोऱ्यासारखा मोकळा गुंता, कशालाही न चिकटणारा. कॉलर्पाचं खोड सरपटत दगडाला धरतं, आणि कधीकधी ते रातोरात पांढरं पडून शोषलेली सगळी पोषकद्रव्यं पाण्यात परत सोडतं.

परतावा मागितल्यापासून त्याने फोन उचलणं बंद केलं आहे.

तुम्ही प्रत्येक बॅफलची उंची आणि चालू स्थितीतली पातळी ऑर्डरवर लिहून घ्या. सम्प आला की कोरडा असतानाच आतल्या काचा टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहा. मग टँकमध्ये मीठ आणि मासे येण्याआधी साध्या पाण्यावर सगळं चालवा आणि बनवणाऱ्याला समोर उभं करून पंपाचा प्लग काढा. पाणी उतरायचं थांबेपर्यंत त्याला जाऊ देऊ नका, आणि निदान अर्धी रक्कम तोवर हातात राखून ठेवा.