बेल-2 डिटेक्टर, त्सुकुबा : जपानात असाल तर चुकवू नका

तोक्योच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांना कळकळीने सांगतोय, वर्षातून एकदा केईके लॅबचं (त्सुकुबातली कणभौतिकीची प्रयोगशाळा) ओपन हाऊस असतं तेव्हा जाच, कणांच्या टकरी टिपणारं बेल-2 हे अवाढव्य यंत्र तिथे बघायला मिळतं. आकिहाबाराहून त्सुकुबा एक्सप्रेसने पाऊण तास, पुढे बस, आणि आत जायला पैसे बिलकूल नाहीत. मी लेकीला घेऊन गेलो होतो, आठवीत आहे.

बाहेरून काही अंदाज येत नाही, जमिनीखाली उतरलं की समोर एकदम ते धूड उभं, 1400 टनांच्या आसपास वजन, मान वर करून बघावं लागतं. 3 किलोमीटर घेराच्या बोगद्यातून एकीकडून 7 जीईव्हीचे (जीईव्ही म्हणजे कणांची एनर्जी मोजायचं एकक) इलेक्ट्रॉन आणि समोरून 4 जीईव्हीचे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे अँटीमॅटर भाऊ, येतात आणि ह्याच्या बरोब्बर पोटात आदळतात. लेकीने लगेच विचारलं, दोघांना सारखी एनर्जी का नाही देत? तिथल्या संशोधकाने दोन बोटं सरकवून दाखवलं, सारखी दिली तर टकरीतून तयार होणारी बी मेसॉन नावाच्या अल्पायुषी कणांची जोडी जवळजवळ जागच्या जागी फुटते, कमीजास्त दिली की जोडी एका बाजूला ढकलली जाते आणि दोघं साधारण 130 मायक्रॉनच्या फरकाने फुटतात. केसाच्या जाडीपेक्षा थोडंसंच जास्त! तेवढं मोजून मॅटर आणि अँटीमॅटर वेगळं वागतात का ते काढतात. आधीच्या बेल डिटेक्टरने 2001 मध्ये ते वेगळं वागतात हे दाखवलं आणि त्यामागची थिअरी मांडणाऱ्या कोबायाशी आणि मासकावांना 2008 ला नोबेल मिळालं.

ड्रिफ्ट चेंबरची, म्हणजे कणांचा मार्ग टिपणाऱ्या डिटेक्टरमधल्या भागाची, तार जवळून बघायला मिळाली, सोन्याचा मुलामा दिलेलं टंगस्टन, जाडी 30 मायक्रॉन, काळ्या कागदावर धरली तेव्हा कुठे दिसली, आणि अशा 14,336 तारा आत ताणून बसवल्यात.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते डोळ्यांना दिसतच नाही. ते 130 मायक्रॉनचं अंतर मोजणारा सिलिकॉन डिटेक्टर एकदम आत असतो आणि त्यातला 4 नंबरचा थर आपल्या मुंबईतल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या टीमने जोडलाय, टक्कर होते तिथून जेमतेम 8 सेंटिमीटरवर. नेव्ही नगरच्या बसमधून ते गेट मी किती वेळा बघितलं असेल, आत काय चालतं कधी विचारलं नाही. तिथे उभं राहून खरंच छाती भरून आली हो.

पाच पैकी पाच स्टार. एरवी बीम (कणांचा झोत) चालू असला की बोगद्यात कोणाला सोडत नाहीत, त्यामुळे ओपन हाऊसचीच तारीख धरा, सकाळी लवकर पोचा, आणि मॉडेलपाशी गेलात की 4 नंबरचा थर कुठला ते विचारा, बोट ठेवून दाखवतात.