पोकर ट्रॅकर आठ महिने वापरल्यावर : पिवळी रेघ आणि बुडालेलं लायसन्स

जुलैत पोकर ट्रॅकरचं, म्हणजे आपले ऑनलाइन डाव नोंदवून त्यांचे आकडे आणि आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, वर्षभराचं लायसन्स भरलं आणि २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही, टेबलं बंद. वॉलेटमधली शिल्लक बँकेत परत आली, सॉफ्टवेअरचे पैसे काही आले नाहीत. तीन मेल टाकल्या, तिन्हींना तेच छापील उत्तर : वापर सुरू झाल्यावर परतावा नाही. डॉलरमध्ये भरलेले, वर कार्डाचं शुल्क. तेव्हा पुढचं सगळं जरा जळक्या मनाने लिहिलंय, हे आधीच सांगतो.

हात (म्हणजे खेळलेले डाव) इम्पोर्ट होणं, फिल्टर, टेबलावरच्या जागेनुसार आकडे, सगळं ठीक चालतं. मला बोलायचंय ते आलेखातल्या पिवळ्या रेघेबद्दल. हिरवी रेघ म्हणजे प्रत्यक्ष आलेले-गेलेले पैसे. पिवळी म्हणजे ऑल-इन ईव्ही : समोरचे सगळे पैसे लावून (ऑल-इन) झाल्यावर, पुढच्या पत्त्यांचं नशीब बाजूला ठेवलं तर सरासरीने किती यायला हवे होते ते.

फेब्रुवारीतला डाव सांगतो. २-५ चं टेबल (डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड), ५०० ची बाय-इन, म्हणजे बसताना घेतलेले पैसे, १०० बिग ब्लाइंड. माझ्याकडे दोन एक्के, इस्पिक आणि चौकट. टर्नपर्यंत, म्हणजे टेबलावरच्या सामायिक पाचातले चार पत्ते उघडेपर्यंत, समोर बदाम राणी, बदाम सत्ती, किलवर दुर्री, इस्पिक तिर्री. मी आणि समोरचा, दोघंही ऑल-इन. त्याने पत्ते उघडले, बदामाचा गुलाम आणि दश्शी. पाचवं बदाम आलं तरच तो जिंकणार; उरलेल्या ४४ पत्त्यांत त्याच्या कामाचे फक्त ९, म्हणजे पाचातले चार वेळा डाव माझा. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, बदाम पंजी पडली. एरवी मी तडक ५-१० च्या टेबलावर जाऊन वसुली करायला बसलो असतो आणि आणखी हजार घालवले असते. त्या रात्री आलेख उघडला. हिरवी ५०० ने खाली, पिवळी जवळजवळ ३०० ने वर. लॅपटॉप मिटला, झोपलो. मार्चमध्ये मी याला चार तारे दिले होते ते या एका झोपेसाठी.

आता ते मागे घेतो. निदान अर्धे.

मे महिन्यात रिव्हरला पॉट (मधे जमलेले पैसे) ६०० चा, समोरच्याची ३०० ची बेट, माझ्याकडे मधली, साधारणच जोडी. चारात एकदा बरोबर ठरलो तरी कॉल, म्हणजे तेवढेच पैसे भरून पत्ते बघणं, परवडतो, हा हिशेब पाठ आहे. पण हा गडी दोन महिन्यांत रिव्हरला ब्लफ करताना एकदाही दिसला नव्हता. मी कॉल केला तो निव्वळ चिडून, कारण आधीच्या डावात त्याने मला पत्ते टाकायला लावले होते. निघाला ब्लफ! ९०० आले. दोन्ही रेघा सारख्याच वर गेल्या. शेवटचा पत्ता पडून गेला की वजा करायला नशीब उरतच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी मी शहाणा.

तसंच माझ्या राजांच्या जोडीला एक्क्यांची जोडी भेटली आणि दोघं ऑल-इन झालो तर पिवळी रेघ मला पॉटचे १८ टक्के देते आणि गप्प बसते. ती जोडी नेमकी त्याच डावात समोरच्याला मिळावी, हे नशीब ती मोजतच नाही. म्हणजे पिवळी रेघही निकालच, फक्त इस्त्री केलेला. आणि मी तिच्याकडेही हिरवीसारखाच रात्री अकराला डोळे लावून बसायला लागलो होतो. (जिंकलेल्या पैशांवरचा तीस टक्के टीडीएस तर दोन्ही रेघांना ठाऊक नाही, तो वेगळाच राग.)

आठ महिन्यांत माझे जेमतेम २०,००० हात झाले. सहा जणांच्या टेबलावर शंभर हातांमागे साधारण ९० बिग ब्लाइंडचा चढउतार धरला, तर एवढ्या हातांत १२-१३ बाय-इन इकडे किंवा तिकडे सहज होतात, खेळात काही चूक न करता. माझा सगळा नफा त्यात मावून वर जागा उरते.

मग चाळीस रुपयांची वही आणली. रोज दहा हात : काय माहीत होतं, काय केलं, का केलं. रकमेचा रकाना नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात शिल्लक दिसते तिथे दूधवाल्याच्या बिलाची चिठ्ठी चिकटवली. मेमधला तो कॉल वहीत ‘चूक’ म्हणूनच आहे.

बायकोला हा प्रकार पटला नाही.
“आज कमावलं की घालवलं?”
“बरोबर खेळलो.”
“म्हणजे घालवलं.”

जूनमध्ये सेटिंग्जच्या पार तळाशी ‘निकाल लपवा’ सापडलं. रिप्लेमध्ये तुमच्या निर्णयापाशी डाव थांबतो, पुढचं काही दिसत नाही. लायसन्सचे पैसे द्यावेत असं यात एवढंच आहे, आणि नेमकं तेच त्यांनी पुरून ठेवलंय. त्याचा एक तारा परत. एकूण तीन.

राहिलं जुलैचं लायसन्स. बंदीला शिव्या घालून झाल्यावर वही काढली. मासिक भरायची सोय होती, तोवर मी उघडायचो फक्त रविवारी. तरी वर्षाचं घेतलं, कारण त्या आठवड्यात हिरवी रेघ चार हजारांनी वर होती. ‘चूक’ लिहिलं, तारीख जुलैचीच टाकली.

लायसन्स जुलै २०२६ पर्यंतचं. दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, विचारून झालंय.