संत्रा पट्ट्यातलं एक वाचनालय : पुस्तक सापडते हो इथं!

पाचपैकी चार स्टार. नाव मुद्दाम देत नाही, कारण कॉम्प्युटरबद्दल थोडं वाकडं लिहायचं आहे अन् तिथली माणसं रोज भेटतात. मोर्शी-वरुडकडच्या भागात एका गावात, शासनमान्य 'ब' वर्ग, दोन खोल्या, समोर व्हरांडा, व्हरांड्यात पेपरवाली म्हातारी मंडळी अन् आत एमपीएससीची पोरं. इथपर्यंत सगळीकडे असते तसंच.

फरक काय, तर इथं कपाटं उघडी आहेत अन् पुस्तकं विषयानं लावली आहेत. यात काय मोठं म्हणाल तर बाप्पा, खेड्यातल्या कितीतरी वाचनालयांत पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढते, 4512 नंबर पडला की 4511 च्या बाजूला जाऊन बसते, मग गांडूळखताच्या पुस्तकाला लागून रहस्यकथा अन् तिला लागून शिवाजी महाराजांचं चरित्र. तपासणीला साहेब आले की मोजायला सोपं जाते, पण ज्याला वाचायचं त्यानं काय करावं? दाखल नंबरावरून पुस्तक कधी आलं ते कळते, कशाबद्दल आहे ते नाही कळत.

इथं ड्युई दशांश पद्धत आहे. अमेरिकेतल्या मेल्विल ड्युईनं 1876 मधे काढलेली, सगळ्या विषयांचे दहा मोठे वर्ग, 300 सामाजिक शास्त्रं, 500 विज्ञान, 600 तंत्रज्ञान, 900 इतिहास-भूगोल असे, अन् प्रत्येकाचे पुन्हा दहा दहा. आपल्या कामाचं 630, म्हणजे शेती. त्यात 633 शेतातली पिकं, 634 फळबाग, 636 जनावरं. पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवलेला, खाली लेखकाच्या आडनावाचं अक्षर. एकदा 634 कुठं ते कळलं की संत्र्याची सगळी पुस्तकं एका ठिकाणी मिळतात, कोणाला विचारायचं काम नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. ड्युईची वाटणी शास्त्रांप्रमाणे, अन् शेतकऱ्याची अडचण काही शास्त्र पाहून येत नाही. कपाशीचंच घ्या. लागवड 633, पीक विमा 368, बँकेचं कर्ज 332, शेतजमिनीचे कायदे 346, सूत-कापडाचं पुस्तक 677. कीड-रोगाचं सर्वसाधारण पुस्तक 632 मधे, पण नुसत्या कपाशीच्याच किडीचं असेल तर ते परत 633 मधे कपाशीजवळ! आता हे सगळं माणूस डोक्यात ठेवून येईल का? येणारा विचारते, "मॅडम, पऱ्हाटीवर गुलाबी अळी आली, काही हाय का तुमच्याकडं?"

तर ग्रंथपाल मॅडमनी याच्यासाठी एक हिरव्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे, अन् माझ्या मते या वाचनालयात सगळ्यात भारी चीज तीच. लोकं जे बोलतात ते शब्द अ-आ-इ नं लिहिलेले, पुढं नंबर. डिंक्या, कोळशी हे संत्र्यावरचे रोग - 634. बोंडअळी - 633, 632 पण पाहा. सातबारा - 346. ड्युईनं सुद्धा आपल्या पद्धतीच्या मागं शब्दांची सूची जोडली होती, एकच गोष्ट कुठं कुठं विखुरली ते दाखवणारी, म्हणजे त्याला पण ही अडचण ठाऊक होती. फक्त त्याच्या सूचीत डिंक्या सापडणार नाही. वहीत नसलेला शब्द कोणी विचारला की मॅडम तेव्हाच लिहून घेतात. पोरं चेष्टा करतात, पण वापरतात तीच वही.

साहित्याच्या खोलीत मात्र ड्युई थोडा जड जाते. इंग्रजीला 820 चा अख्खा विभाग अन् मराठी साहित्य 891.46 मधे कोंबलेलं, अर्धं वाचनालय एकाच लांबलचक नंबरावर आलं असतं. म्हणून इथं सरळ का, ना, क अशी अक्षरं, कादंबरी, नाटक, कविता, मग आडनाव. पटलं आपल्याला. टोपणनावांची सोय पण केलेली आहे, पुस्तकांच्या यादीची कार्डं आहेत, त्यात गोडघाटे काढलं तर कार्डावर 'पाहा : ग्रेस', शिरवाडकर काढलं तर 'पाहा : कुसुमाग्रज'. धर्माचं पण तसंच, 200 मधला बराच भाग ख्रिस्ती धर्माला, आपलं 294 मधे दाटीवाटीनं, अन् आमच्या भागात 294.3 म्हणजे बौद्ध धम्माचं कपाट पूर्ण भरलेलं, त्याला आता दुसरं कपाट पाह्यजे.

तुकडोजी महाराजांची ग्रामगीता कुठं ठेवावी यावर तर व्हरांड्यात वाद झाला होता म्हणे. ओव्या आहेत म्हणून कवितेत, भजनवाली मंडळी म्हणे धर्मात, माजी सरपंच म्हणे ग्रामविकासात. पुस्तक एक, ते एकाच फळीवर राहील. मॅडमनी ते धर्मात ठेवलं अन् बाकी दोन्हीकडे कार्ड टाकली. कार्ड कितीही करता येतात ना! ज्याला जिकडून शोधायचं त्यानं तिकडून शोधावं.

आता कापलेला स्टार. कॉम्प्युटरवर यादी आहे, पण जुनी नोंद युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेली, त्यामुळं आजच्या कीबोर्डवरून मराठीत शोधलं की निकाल शून्य अन् पडद्यावर भलतीच अक्षरं. नवीन नोंदीत शोध लागते, पण 'पिक' टाकलं तर 'पीक' येत नाही. मग सगळे हिरव्या वहीकडेच जातात. भिंतीवर भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा फोटो आहे, वाचनालयासाठीच्या 1931 च्या त्यांच्या पाच नियमांतला चौथाच आहे की वाचकाचा वेळ वाचवा, अन् बरोबर त्याच्याच खाली हा कॉम्प्युटर ठेवला आहे! मॅडमचा दोष नाही यात, एकटी बाई देवघेव पाहील, झाडू मारणाऱ्याला सांगेल का हजारो नोंदी परत टाइप करेल. कमिटीनं एखादं कॉलेजचं पोरगं महिनाभर लावलं तर काम होऊन जाईल.

दुसरी बारीक तक्रार, वाचून झालं की लोकं पुस्तक मनानं कोणत्याही फळीत कोंबतात. टेबलावर ठेवा न भाऊ, तशी पाटी पण लावली आहे. जाग्यावर नसलेलं पुस्तक म्हणजे नसलेलंच पुस्तक.

वर्गणी फार नाही, अनामत परत मिळते, संदर्भग्रंथ घरी नेऊ देत नाहीत. अन् शेतीचं कपाट पाहायचं असेल तर सकाळीच जा, त्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट बंद आहे अन् संध्याकाळी पाठीवरचे नंबर दिसत नाहीत.