संबंधानंतरची डॉक्सी की कंडोम?

मित्राने विचारलं, "संबंधानंतर डॉक्सी घेतली तर कंडोम सोडू का?"

७२ तासांच्या आत २०० मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन (हीच डॉक्सी, जिवाणू मारणारी गोळी) घेतली तर सिफिलिस, क्लॅमिडिया हे संबंधातून पसरणारे आजार बरेच टळतात. गनोरिया या तशाच आजाराबाबत भरवसा कमी. एचआयव्हीवर डॉक्सीचा काहीच उपयोग नाही. तिथे या दोघांपैकी कंडोमच हवा, पण सिफिलिसचा व्रण कंडोमने झाकलेल्या भागाबाहेर असला तर सिफिलिससाठी कंडोमही अपुरा.

त्रासाचं म्हणाल तर कंडोम ऐनवेळी हाताशी लागतो. गोळी नंतर चालते, पण पेलाभर पाण्यासोबत, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. उन्हात कातडीही लवकर भाजते. मला खरी काळजी वाटते ती जंतू औषधाला सरावण्याची.

पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया, वर्षभरात सिफिलिस, क्लॅमिडिया किंवा गनोरिया होऊन गेला असेल तर: डॉक्टरांना विचारून डॉक्सी, शिवाय कंडोम. गरोदरपणात डॉक्सी नकोच. एचआयव्हीची धास्ती असेल तर आधी कंडोम.