हाऊ वी फील : १४४ शब्द, पण ‘हुरहूर’ नाही

‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘ठीक’ म्हणून मोकळं व्हायची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी हे फुकट ॲप आहे. येल विद्यापीठातले भावनांचे अभ्यासक मार्क ब्रॅकेट आणि चित्रं जमवून ठेवायच्या पिंटरेस्ट या संकेतस्थळाचे सहसंस्थापक बेन सिल्बरमन यांच्या पुढाकारातून ते तयार झालं. चालवते ती एक ना-नफा संस्था. जाहिराती नाहीत, पैसे भरल्यावरच उघडणारी दारंही नाहीत. २०२२च्या ॲप स्टोअर पुरस्कारांमध्ये त्याचा नंबर लागला होता. आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हींवर चालतं. निकाल आधीच सांगायचा तर डाउनलोड जरूर करावं, पण साधारण दोन आठवड्यांसाठी. त्यातून शिकायचं ते तेवढ्यात शिकून होतं.

उघडलं की चार रंग दिसतात. लाल म्हणजे ऊर्जा जास्त आणि वाटणं नकोसं. पिवळा म्हणजे ऊर्जा जास्त आणि वाटणं हवंसं. निळ्यात ऊर्जाही कमी आणि मनही पडलेलं. हिरव्यात ऊर्जा कमी, पण जीव निवांत. मांडणी नवी नाही. भावना दोन अक्षांवर बसवायची ही रीत मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८०मध्ये मांडली होती आणि ब्रॅकेट यांच्या गटाचा शाळांमधला ‘मूड मीटर’ तक्ता तिच्यावरच उभा आहे. रंग निवडला की शब्दांचे गोळे येतात, प्रत्येक रंगात ३६. गोळ्यावर बोट ठेवलं की त्या शब्दाचा अर्थ एका ओळीत दिसतो. मग कुठे आहात, कोणासोबत, काय करताय याच्या खुणा जोडायच्या, वाटलं तर दोन ओळी लिहायच्या. एक नोंद मिनिटभरात होते.

सगळी किंमत त्या एका ओळीच्या अर्थात आहे. ऑफिसात दिवसभर ज्याला आपण सरसकट ‘टेन्शन’ म्हणतो, त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. कामं दहा आणि वेळ चार कामांपुरता, हा ताण. पुढे काय होणार ते कळत नाही, ही चिंता. आणि आपण आत्ता जे करू त्यावरच काहीतरी मोठं ठरणार आहे, हे दडपण. उपायही तीन वेगळे. ताणाला यादी छाटावी लागते किंवा मदत मागावी लागते, दीर्घ श्वासाने दहाची नऊ कामं होत नाहीत. चिंतेला माहिती लागते, किंवा माहिती मिळणारच नसेल तर वाट बघण्याची सोय. दडपणाला सराव लागतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ताण असलेल्या माणसाला ध्यान करायला सांगतात आणि दडपणाखालच्या मुलाला ‘एवढं काय त्यात’ म्हणतात.

असंच राग आणि अपेक्षाभंगाचं. रागाच्या मुळाशी ‘हे अन्यायाचं आहे’ असतं, अपेक्षाभंगाच्या मुळाशी ‘मला वाटलं होतं तसं झालं नाही’. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोच चढलेला आवाज, तेच आपटलेलं दार. पण पहिल्यात समोरच्याचं वागणं तपासायचं आणि दुसऱ्यात आपली अपेक्षा त्याच्यापर्यंत पोचली होती का ते. नवरा-बायकोच्या निम्म्या भांडणांत ती पोचलेलीच नसते.

नाव दिल्याने काही होतं का, ही शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७मध्ये लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती. भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या, धोका ओळखणाऱ्या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. म्हणजे नाव देण्याचा थोडा उपयोग आहे. थोडाच, कारण नाव कळलं म्हणून कारण जात नाही.

आता मुख्य तक्रार. शब्द इंग्रजी आहेत, मराठी नाहीत. अर्थ एका ओळीत दिला असला तरी परक्या भाषेतला शब्द आधी डोक्यात उतरतो, मग मनात, आणि तोवर माणूस ‘गुड’ नाहीतर ‘टायर्ड’ दाबून मोकळा होतो. आपल्याकडे शब्द कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. रुखरुख मागे राहून गेलेल्या गोष्टीची असते. धाकधूक पुढे येणाऱ्या गोष्टीची. हुरहूर कोणाच्या तरी नसण्याची, आणि तिच्यात थोडी गोडीही असते. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानाची. ॲपमध्ये या चौघींना ‘अँक्शस’, ‘सॅड’ अशा गोळ्यांत दाटीवाटीने बसवावं लागतं. काळाची दिशा पुसली जाते आणि तिच्याबरोबर उपायही. रुखरुखीला एक फोन पुरतो, धाकधुकीला तयारी लागते, हुरहुरीला काहीच करायचं नसतं.

रुसव्याचं तर विचारूच नका. रुसवा हा फक्त आपल्या माणसावर धरता येणारा राग आहे आणि त्याला माफी नको असते, समजूत हवी असते. ‘अँग्री’ म्हणून नोंदवला तर माणूस खुलासे देत बसतो आणि रुसवा आणखी वाढतो.

शिवाय मराठी माणूस भावना अंगाने सांगतो. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, तळपायाची आग मस्तकात जाते, जीव टांगणीला लागतो. ॲप ऊर्जा किती आहे ते विचारतं, तिचं मोजमाप या वाक्प्रचारांत आयतं आहे. आग मस्तकात म्हणजे ऊर्जा वर, हातपाय गळाले म्हणजे तळाला. नाट्यशास्त्रात स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, भाव आठ आणि त्यांच्यावरून येजा करणारे व्यभिचारी भाव ३३ सांगितले आहेत. त्यात ग्लानी, असूया, व्रीडा (म्हणजे लाज) असे शब्द आहेत. यादी करायची हौस आपल्याकडेही जुनीच!

तेव्हा वापरायची पद्धत अशी. वहीच्या पानावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारा, दोन्हींवर उणे ५ ते अधिक ५. आडवी रेघ नकोशापासून हवंसंपर्यंत, उभी ऊर्जेची. चारही चौकोनांत तुमच्या घरात खरोखर बोलले जाणारे आठ-दहा शब्द लिहा. लाल चौकोनात वैताग, संताप, घालमेल, धाकधूक. निळ्यात खट्टू, उदास, कंटाळा, रुखरुख. पिवळ्यात हुरूप, उत्सुकता, आनंद. हिरव्यात हायसं, समाधान, निवांत. मग ॲपमध्ये रंग निवडताना हे पान शेजारी ठेवा, आणि नेमका मराठी शब्द खालच्या नोंदीच्या जागेत टाका. दिवसातून तीन वेळा पुरे: घर सोडण्याआधी, जेवणानंतर तासाभराने आणि परत घरात शिरण्याआधी. १४ दिवसांत ४२ नोंदी होतात, तेवढ्यावर नमुना दिसायला लागतो.

तिसरी वेळ सगळ्यात महत्त्वाची. समजा संध्याकाळी साडेसहाची लोकल, शब्द ‘चिडचिड’, ऊर्जा अधिक ३, आडव्या रेघेवर उणे २. इथे दुसरा प्रश्न विचारायचा: शेवटचं खाल्लं कधी? एक वाजता डबा, मधे दोन चहा. तिसरा प्रश्न: कोणावर? उत्तर ‘कोणावर असं नाही’ आलं, तर ही चिडचिड दाराबाहेर ठेवायची आहे, कारण घरात शिरल्यावर तिला पहिलं जे माणूस दिसेल ते तिचं कारण ठरतं. बऱ्याचदा ते पाढे न म्हटलेलं पोर असतं. भावना एकीकडची आणि वागणूक दुसरीकडे, हे नोंदींशिवाय लक्षात येत नाही.

अभ्यासासाठी वापरणाऱ्यांनी रंगांना गुण देऊ नयेत. लाल वाईट, हिरवा चांगला हा सिग्नलचा हिशेब इथे चालत नाही. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८मधल्या उंदरांवरच्या प्रयोगापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: काम अवघड असेल तर फार कमी आणि फार जास्त, दोन्ही उत्तेजना मारक. गणिताच्या पेपरआधी थोडी धाकधूक असलेली बरी. ती इतकी वाढली की ‘नापास झालो तर’ हाच विचार डोक्यातली कामाची जागा अडवतो, आणि पाठ असलेलं सूत्रही आठवत नाही. नवीन कल्पना काढायला पिवळा चौकोन बरा, पण प्रूफं आणि हिशेब तपासायला थोडं खाली उतरलेलं, शांत मन चांगलं चालतं. कामाची वेळ आपल्या हातात असेल तर त्याप्रमाणे हलवावी.

नोंदीनंतर ॲप सुचवतं ते उपाय चार गटांत येतात: विचार बदलणं, शरीर हलवणं, सजग राहणं, माणसांशी बोलणं. साधारण मिनिटभराचे व्हिडिओ असतात. शरीर हलवण्याचे सगळ्यात कामाचे, कारण ते समजायला भाषा लागत नाही. झोप, व्यायाम आणि हवामान यांच्याशी मूडचा मेळ घालणारे आलेख मात्र दिसायला देखणे, उपयोगाला बेताचे. ४२ नोंदींवरून ‘पाऊस पडला की तुम्ही उदास’ असा निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे.

कुठे बिघडतं? बहुतेक जण वाईट वाटलं तेव्हाच नोंद करतात, मग आलेखात महिनाभर लाल-निळंच दिसतं. म्हणून वेळा ठरलेल्या हव्यात. याउलट काही जण तासातासाला उघडतात आणि दुखरा दात जिभेने चाचपावा तसं मन चाचपत राहतात, त्याने कुढणं वाढतं. मित्रांना आपला मूड दाखवायची सोय आहे. ती दोन-तीन माणसांपुरतीच ठेवावी, साहेबांना तर बिलकुल नको. घरातही ‘तू आत्ता लालमध्ये आहेस’ हे वाक्य भांडणात वापरलं की ॲप त्याच दिवशी संपलं. शाळेत मुलांना सगळ्यांसमोर रंग सांगायला लावलं तर सगळी मुलं पिवळी होतात.

माहिती मुळात फोनवरच राहते, संशोधनासाठी द्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी ते बघून घ्या, आणि ॲपने आठवण करून द्यायच्या वेळा आपल्या तीन वेळांशी जुळवा, नाहीतर मीटिंगच्या मधोमध ‘कसं वाटतंय’ विचारणारा फोन चार दिवसांत गप्प केला जातो.

हे उपचाराचं साधन नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज निळंच असेल, झोप-भूक बदलली असेल, कशातच रस उरला नसेल, तर ॲप बंद करून डॉक्टर गाठा. जीव नकोसा झाला असेल तर दोन आठवडे थांबूही नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.