घरच्या घरी आयएनआर मोजणारे यंत्र : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या आईच्या हृदयातील मायट्रल झडप कृत्रिम आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तिला वॉरफॅरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागणार आहे. गोळी कमी पडली तर गुठळीची भीती आणि जास्त झाली तर रक्तस्रावाची, त्यामुळे आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्याची (वेळ जास्त तर आकडा मोठा), तपासणी वारंवार करावी लागते. दंडाला पट्टा बांधून शीर शोधताना तिला होणारा त्रास पाहून, डॉक्टरांच्या संमतीने, आम्ही बोटातील एका थेंबावर आयएनआर सांगणारे तळहातात मावणारे यंत्र घेतले. आठ महिने ते वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यंत्र विश्वासार्ह आहे, मात्र ते नेमके काय मोजते हे समजून घेतल्याशिवाय कोणीही ते वापरू नये.

जखम झाली की आधी रक्तवाहिनी आकसते. रक्तवाहिनीच्या फाटलेल्या कडेला उघड्या पडलेल्या कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाला रक्तातील प्लेटलेट या बारीक पेशी चिकटतात, मग एकमेकींना धरून राहतात आणि भोकावर एक कच्चे बूच तयार होते. हे बूच एकटे फार वेळ टिकत नाही. त्याच वेळी रक्तवाहिनीबाहेरच्या ऊतींमध्ये असलेले, एरवी रक्ताच्या संपर्कात न येणारे एक प्रथिन रक्त गोठवणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या घटकांपैकी सातव्या घटकाला भेटते, त्यातून दहावा घटक जागा होतो, दहावा घटक प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू बनवते. हे तंतू प्लेटलेटच्या बुचाभोवती जाळ्यासारखे विणले जातात आणि तेरावा घटक त्यांना पक्क्या गाठी मारतो. यांपैकी दुसरा, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, आणि सातवा, नववा व दहावा हे घटक यकृतात तयार होताना के जीवनसत्त्व लागते. वॉरफॅरिन नेमके तिथेच आडवे येते.

यंत्रात घालायच्या चाचणीच्या पट्टीवर ऊतींमधील तेच प्रथिन असलेले मिश्रण लावलेले असते. म्हणजे रक्ताचा थेंब पट्टीत शिरतो तेव्हा त्याला जणू जखमच भेटते आणि वर सांगितलेली साखळी सुरू होते. आमचे यंत्र गुठळी डोळ्याने पाहत नाही. तयार झालेले थ्रॉम्बिन पट्टीवरील एका रसायनाचे तुकडे करते, त्यातून क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि त्याला किती सेकंद लागले हे यंत्र मोजते. प्रत्येक मिश्रणाचा जोर वेगळा असल्याने नुसत्या सेकंदांची तुलना करता येत नाही. म्हणून 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या पद्धतीने त्यांचे आयएनआरमध्ये रूपांतर केले जाते. हे औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण 1 असतो. आईचा 2.5 ते 3.5 या दरम्यान ठेवायचा आहे.

वापर सोपा आहे, पण पहिल्या पंधरवड्यात माझ्या चार पट्ट्या वाया गेल्या आणि चारही वेळा कारण एकच होते. थेंब लहान आला की मी आईचे बोट दाबून रक्त काढत असे. बोट पिळले की ऊतींमधला द्रव थेंबात मिसळतो, त्याच्यासोबत ते प्रथिनही येते, आणि पट्टीवर पोहोचण्याआधीच रक्त गोठण्याच्या वाटेला लागलेले असते. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत ‘बोट दाबू नये’ एवढे एकच वाक्य आहे. त्यापुढे कारण छापले असते तर ते माझ्या पक्के लक्षात राहिले असते. आता आई कोमट पाण्याने हात धुते, हात खाली सोडून मिनिटभर बसते, मी बोटाच्या टोकाच्या कडेला टोचतो आणि पहिलाच टपोरा थेंब पंधरा सेकंदांच्या आत पट्टीला लावतो. साधारण मिनिटभरात आकडा पडद्यावर येतो.

अचूकतेबद्दल सांगायचे तर, एकाच सकाळी दोन्हीकडे तपासले तेव्हा प्रयोगशाळेत 2.9 आणि यंत्रावर 3.1 आला, हा फरक चालण्यासारखा आहे. एकदा मात्र यंत्राने 5.2 दाखवले आणि प्रयोगशाळेने 4.4. आकडा चारच्या वर गेला की अशी तफावत वाढते, त्यामुळे तो आकडा पाहून स्वतःच्या मनाने गोळी बंद न करता शिरेतून रक्त देऊन खात्री करावी. मात्रा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासण्याचा मोहही आवरावा लागतो. सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, प्रोथ्रॉम्बिनला मात्र त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून गोळी वाढवल्यावर आकडा आधी वर चढतो आणि गुठळीपासूनचे खरे संरक्षण मागाहून येते.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी आईच्या नाकातून रक्त येऊ लागले. नाक चिमटीत धरून ती पुढे वाकून बसली होती, दहा मिनिटे झाली, पंधरा झाली, तरी चिमटी सोडली की धार सुरूच. यंत्रावर आकडा आला 2.8. तो पाहून मला क्षणभर हायसे वाटले आणि तिथेच माझी चूक झाली. आम्ही रुग्णालयात गेलो तेव्हा उलगडा झाला: डोके दुखते म्हणून तिने आदल्या दोन दिवसांत अ‍ॅस्पिरिन असलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. अ‍ॅस्पिरिनमुळे प्लेटलेटची एकमेकींना धरून राहण्याची ताकद घटते, आणि प्लेटलेटचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असल्याने नव्या तयार होईपर्यंत तो परिणाम टिकतो. फायब्रिनपर्यंतची साखळी ठरल्याप्रमाणे चालू होती, पण मुळात कच्चे बूचच नीट बसत नव्हते. पट्टी प्लेटलेटचे काम मोजतच नाही, त्यामुळे यंत्राचा आकडा खरा असूनही आईचे रक्त थांबत नव्हते.

विक्रेत्याबद्दल मात्र तक्रार आहे. दोनदा मुदत संपत आलेल्या पट्ट्या आल्या आणि बदलून मिळायला तीन आठवडे गेले. रक्तात अ‍ॅन्टीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्त गोठण्याच्या चाचणीत ढवळाढवळ करणारी प्रथिने) असलेल्यांना किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांना या यंत्राचा आकडा चकवू शकतो, हेही विकत घेण्याआधी कोणी विचारले नाही. वॉरफॅरिनऐवजी नव्या प्रकारची, थेट दहाव्या घटकाला किंवा थ्रॉम्बिनला रोखणारी औषधे घेणाऱ्यांना तर याचा उपयोगच नाही.

ज्यांच्या घरी वॉरफॅरिन दीर्घकाळ चालणार आहे आणि नियमाने नोंद ठेवणारे कोणी आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून हे यंत्र जरूर घ्यावे. सोबत मिळणाऱ्या नोंदवहीत तारीख, आयएनआर आणि मात्रा असे तीनच रकाने आहेत. मी फूटपट्टीने रेघ मारून चौथा आखला आहे, आणि त्यात आई त्या आठवड्यात घेतलेली इतर प्रत्येक गोळी स्वतःच्या हाताने लिहिते.